एक जूनची माणसं

११ सप्टेंबर

परत लाल. हितेश म्हणाला, "कशाला हात लावला?"

मी हात मांडीवर ठेवून बसले होते. ते त्याला दाखवले.

"मंग काल संध्याकाळी हिरवं कसं होतं?"

"तेच मी विचारते आहे."

"मला इचारू नका, प्राध्यापकबाई. चाचण्या तुमच्या."

चाचण्या माझ्या, हे खरं. प्लगिन त्याचं. पुढे कधी वाचताना मीच विसरलेली असेन, म्हणून लिहून ठेवते. ऑनलाइन शिकवण्याचा एक मोठा प्लॅटफॉर्म आहे, जगभर चालतो, फुकट मिळतो. त्याला जोडायचा एक लहान भाग हितेशने लिहिला. कारखान्यात नवीन येणारा कामगार टॅबवर सुरक्षेचे धडे बघतो, दहा प्रश्न सोडवतो. पास झाला की प्लगिन त्याच्या नावाचा कागद छापतं. तो गेटवर दाखवला की आत.

जुलैत पहिल्यांदा वापरलं तेव्हा पंचवीस जणांच्या कागदांवर एकच नाव छापलं गेलं, जितेश. गेटवरच्या चंद्रभानने सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि विचारलं, "तुम सब जितेश हो?" त्यातला एक खरंच जितेश होता. तो आत गेला.

तेव्हापासून कंपनीची अट आहे. प्लगिनमध्ये काहीही बदललं की यंत्राने आपोआप सगळं तपासायचं आणि सगळं हिरवं आहे असं दाखवायचं. ऑक्टोबरात पॅकिंगसाठी चाळीस बायकांची तुकडी घेणार आहेत. तेव्हाही घोळ झाला तर काम ठाण्याच्या लोकांकडे जाईल, आणि बोईसरची आमची ही एक खोलीही बंद होईल.

कॉलेजातले माझे तास बंद झाले तेव्हा ही खोली चालवणाऱ्या भावनाताईंनी बोलावलं. "कोडिंग येत नाही ना? उत्तम. वाक्य लिहिता येतं ना?"

या चाचण्या साध्या मराठीत लिहिता येतात. जर, जेव्हा, तेव्हा. यंत्र ते वाचतं, एक काल्पनिक कामगार होऊन धडा उघडतं, उत्तरं देतं. सांगितलं तसं घडलं तर हिरवं, नाही तर लाल.

काल संध्याकाळी हिरवं होतं. आज लाल आहे. मधे मी फक्त जेवले आणि झोपले.

१२ सप्टेंबर

कारण सापडलं. खाली पुंडलिकचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मोटार गुंडाळून झाली की तो ती एकदा चालवून बघतो. तेवढ्यात आमच्या खोलीतला दिवा मंद होतो, राउटर बंद पडून परत सुरू होतो आणि माझा कामगार चौथ्या प्रश्नावर अडकून राहतो.

हितेश भांडायला खाली गेला. बराच वेळ वर आला नाही. आला तेव्हा हातात भजी होती.

राउटर इन्व्हर्टरवर घेतला. हिरवं.

१५ सप्टेंबर

आज दिवसभर माणसं तयार केली. बावीस. यंत्राला कुणी तरी व्हायला लागतं.

हा प्रकार मला आवडू लागला आहे. विशेषण चालत नाही. "हळूच" चालत नाही. "जणू" तर मुळीच चालत नाही.

जर शशिकला दामोदर पाटील पहिल्यांदाच आली असेल
जेव्हा ती दहापैकी आठ उत्तरं बरोबर देते
तेव्हा तिला कागद मिळतो
आणि कागदावर तिचंच नाव असतं

शेवटची ओळ जुलैच्या स्मरणार्थ.

बावीस जणांची बावीस वेगळी नावं दिली. दोन पात्रांची नावं सारखी ठेवू नयेत, वाचक गोंधळतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे मी दर जूनमध्ये सांगत असे. जन्मतारखाही विचार करून दिल्या. कुणी थंडीतलं, कुणी भर उन्हाळ्यातलं. शशिकला एकोणतीस फेब्रुवारीची.

हितेश ते बघून उठून उभा राहिला. "ही केस माझ्या डोक्यातच नव्हती. बाई, तुमी डेंजर हाय."

तारखांना महत्त्व आहे, कारण प्लगिन माणूस ओळखतं ते पूर्ण नाव आणि जन्मतारीख यांवरून. फोन नंबर घेता येत नाही. एका घरात एकच फोन असतो, कधी चार घरांत. आधार मागायचं नाही असं भावनाताईंनी पहिल्याच दिवशी ठरवलं. "नाव, बापाचं नाव, आडनाव, तारीख," हितेश म्हणाला. "चारही सारखं असनारी दोन मानसं मला आणून दाखवा."

मलाही पटलं.

१९ सप्टेंबर

भावनाताईंनी आज एक खरं माणूस आणलं, धडे समजतात का ते बघायला. नवसी वरठा. मासवणच्या बाजूला पाड्यावर राहते, बारावी झालेली, ऑक्टोबरच्या तुकडीत नाव दिलं आहे. एक पाय खुर्चीवर दुमडून बसली आणि हेडफोन लावले. थोड्या वेळाने काढले.

"ही बाई कोन बोलते?"

"का?"

"आजारी हाय का?"

आवाज माझा आहे. हितेश खिडकीबाहेर बघत राहिला. त्याचे खांदे हलत होते.

दहापैकी नऊ आले. वायूचा वास आला तर काय कराल, याला तिने "घरी जाईन" हा पर्याय निवडला होता.

"ते चूक आहे," मी म्हटलं. "आधी बाकीच्यांना सांगायचं. मग सगळ्यांनी वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर."

"बाहेरच तर जाते मी. घर काय कंपनीत हाय?"

चहा पिताना बोलली. "आमी दिवाळी झाली का भट्टीवर जातो, वीट पाडायला. सगळी जनं. भांडी, कोंबड्या, सगळं घेऊन. पावसाला परत. यंदा आईला बोलले, कंपनीत लागले तर मी नाय येत."

"आई काय म्हणाली?"

"बोलली, आधी लाग."

दिवाळी वीस ऑक्टोबरला. कंपनीत रुजू व्हायचं चौदाला. त्याआधी आमची परीक्षा. म्हणजे तिची.

निघताना मी म्हटलं, नाव छान आहे तुझं.

"कसलं छान. आमच्या पाड्यात चार नवसी हायत. कुनी हाक मारली का चारी घरांतून ओ येते."

वाक्य आवडलं. इथे टिपून ठेवते. कधी तरी वापरीन.

२६ सप्टेंबर

भावनाताईंना प्लॅटफॉर्मवरून सगळ्या कामगारांना वाढदिवसाचा संदेश जायला हवा आहे. हितेश म्हणाला, "नको ताई. एक जूनला सर्व्हर आडवा होईल."

दोघं खूप हसले. भावनाताई म्हणाल्या, "केक तर एकच आणायचा, पण ट्रकमधून."

मीही हसले. विनोद कळला नाही. विचारायचं राहून गेलं, कारण तेवढ्यात दोन चाचण्या लाल झाल्या. बटणावरचं "पुढे जा" हितेशने "पुढे" असं केलं होतं आणि माझे कामगार "पुढे जा" शोधत थांबले होते. जिथे नेमकं वाक्य दिलं, तिथे ते नेमकं त्या वाक्याची वाट बघतात. असे वाचक मला कॉलेजात मिळाले नाहीत.

१ ऑक्टोबर

यंत्रांची पूजा. पुंडलिकने खाली मोटारी मांडल्या. हितेशने लॅपटॉपला झेंडूचा हार घातला आणि हळद की-बोर्डवर सांडली. आता "म" अडकतो.

बावीसच्या बावीस हिरव्या. कंपनीला अहवाल पाठवला. त्यांचं उत्तर, "ओके."

४ ऑक्टोबर

हितेशने चिंचणीहून, घरून बोंबलाची चटणी आणली. तिघांनी डब्यात कालवून खाल्ली. वाऱ्याला आज कारखान्यांचा वास होता, चटणीपुढे कळला नाही.

मला हे काम येतं का, असा प्रश्न अधूनमधून पडतो. हिरवं दिसलं की तो जातो. फार लवकर जातो असंही वाटतं. पण हिरवं ते हिरवं.

९ ऑक्टोबर

खरी परीक्षा झाली. कंपनीच्या कँटीनमध्ये, तुकडी-तुकडीने, दहा टॅब फिरवून. बायका वेळेआधी आल्या होत्या. कुणी डोक्यात अबोली, कुणी मूल कडेवर. टॅब हातात घेताना पदराला हात पुसत होत्या. काही अडकलं नाही. पुंडलिकही जवळपास नव्हता.

नवसी पहिल्या तुकडीत होती. बाहेर येऊन मला अंगठा दाखवला.

संध्याकाळी ऑफिसात येऊन यादी काढली. एकोणचाळीस निकाल. भावनाताई म्हणाल्या, "चहा तर चाळीस सांगितले होते, चाळीस संपले."

"कुणी तरी दोनदा घेतला असेल," हितेश म्हणाला. मलाही तसंच वाटलं. चहा बरा होता.

सदतीस पास, दोन नापास. नापासांत एक नवसी बुधा वरठा. दहापैकी चार.

मी यादी पुन्हा पाहिली. चारच. सरावात तिला कधी आठच्या खाली आले नव्हते. हितेशने प्लगिन उघडलं, आकडा तोच. चाचण्या परत चालवल्या, बावीस हिरव्या.

घाबरली असणार. खऱ्या परीक्षेत माणसाचे हातपाय गळतात, आणि हे यंत्राच्या चाचणीत येत नाही. काल्पनिक माणसं घाबरत नाहीत. अंगठा दाखवला तोही भीतीनेच, असं आता वाटतं. आई "आधी लाग" म्हणाली होती. तिला काय सांगेल?

नीट लिहवत नाही. उद्या तिला फोन करायचा. कोणाच्या फोनवर, ते विचारलं नव्हतं.

१० ऑक्टोबर

फोन करावा लागला नाही. दार उघडलं तर पायरीवर नवसी बसली होती. बरोबर आणखी एक मुलगी, हिरव्या ड्रेसमधली.

"गेटवर लावलेली यादी बघितली. मी नापास नाय," नवसी म्हणाली.

मी तिला आत बसवलं. परीक्षेत असं होतं, पुढच्या वर्षी परत तुकडी निघेल, असं काही तरी बोलत राहिले. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं.

"झालं? मी पडद्यावर बघितलं. पास लिवलेलं. नऊ."

हितेश म्हणाला, "बाय, मशिनमधी चार हाय. आमी दोनदा बघितलं."

"मंग मशिनला तिसऱ्यांदा इचारा."

"मशिन खोटं बोलत नाय."

"मंग मी बोलते का?"

मी दोघींना पाणी दिलं. दुसरी मुलगी बिचारी उगाच आली होती, म्हणून तिला नाव विचारलं.

"नवसी."

पाड्यात चार नवसी आहेत हे मला माहीत होतं. म्हणून हसून म्हटलं, "तू कोणती नवसी?"

"मी विहिरीवरची. ही चिंचेखालची."

"आणि पूर्ण नाव?"

"नवसी बुधा वरठा."

हितेशने मान वर केली. "बापाचं नाव बुधा?"

"हां."

"आन हिच्या बापाचं?"

"बुधा. पन तो वेगळा बुधा." हिरव्या ड्रेसमधल्या नवसीने त्याला समजावून सांगितलं, "बुधवारी झाला तो बुधा. बुधवार दर हप्त्याला येतो ना."

खाली पुंडलिकने मोटार सुरू केली, दिवा मंद झाला.

"परीक्षेला तूपण होतीस?" मी विचारलं.

"शेवटच्या तुकडीत. मला जमलं नाय. भात कापायला निघालोय आमी, धडे बघितलेच नाय." ती हसली. "चारच आलं. पन यादीत नवसी एकच हाय."

"जन्मतारीख?" हितेशचा आवाज बारीक झाला होता.

"एक जून."

"आन तुझी?"

"एक जून," चिंचेखालची म्हणाली. "गुरुजींनी दोघींना एकाच दिवशी शाळेत घातलं. आमच्या वर्गात सगळीच एक जूनची."

हितेशने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मी त्याच्याकडे बघितलं.

"माझीपन," तो म्हणाला.

"काय?"

"माझीपन एक जून. शाळेत सगळ्यांची तीच लावायचे. भावनाताईंच्या भावाचीपन."

माझी सतरा फेब्रुवारी आहे. दवाखान्याच्या दाखल्यावर वेळसुद्धा आहे. माझ्या बावीस माणसांपैकी एकही एक जूनला जन्मलं नव्हतं.

सकाळी चिंचेखालच्या नवसीला नऊ मिळाले. दुपारी विहिरीवरची आली, तेव्हा प्लगिनला वाटलं तीच बाई परत आली, आणि त्याने नऊ पुसून चार लिहिले. नऊ आता कुठेही नाहीत. चाळिसावा चहा हिरव्या ड्रेसमधल्या नवसीने प्यायला होता.

भावनाताईंनी कंपनीला फोन केला. बाहेर गॅलरीत उभं राहून बोलल्या, आत आल्या.

"काय सांगितलं?"

"खरं ते. दुसरं काही पटण्यासारखं सुचेना." दोघींना सोमवारी परत बसता येईल. पण त्याआधी चाचणीत ही केस दिसली पाहिजे आणि हिरवी दिसली पाहिजे. नाही तर दोघीही राहिल्या, आणि आम्हीही.

दोघी निघाल्या. जिन्यात चिंचेखालची विहिरीवरचीला म्हणत होती, "भात कापताना तुला एकेक प्रश्न इचारते. चुकलीस का एक पेंढी जास्त."

दुपारी मी लिहिलं:

जर नवसी बुधा वरठा नावाच्या दोन मुली असतील
आणि दोघींची जन्मतारीख एक जून असेल
जेव्हा पहिली पास होते
आणि नंतर दुसरी नापास होते
तेव्हा पहिली पासच राहते

चालवलं. लाल.

एक लाल ओळ बघून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. हितेशलाही वाटलं असावं. "आता दिसलं त्याला," म्हणाला आणि कामाला लागला.

११ ऑक्टोबर

आता नाव नोंदवताना प्रत्येकीला स्वतःचा नंबर मिळेल आणि फोटो निघेल. फोटो यंत्रातच राहील, नाव आणि तारीख नुसती छापायला. सकाळी हितेशने हा बदल घातला आणि नवसींची चाचणी हिरवी झाली. त्याच क्षणी जुन्या बावीसच्या बावीस लाल. ती बिचारी अजून नाव सांगून आत येत होती.

सगळ्यांना नंबर दिले. मग बसून पंधरा जणांची जन्मतारीख एक जून केली. तिघींना एकच नाव दिलं. शशिकलेला तिची एकोणतीस फेब्रुवारी राहू दिली. चार जणांच्या बापांना बुधा केलं.

कथा म्हणून आता ती फारच वाईट आहे. सगळं हिरवं.

१३ ऑक्टोबर

ऑफिसातच परीक्षा झाली. पुंडलिकला हात जोडून सांगितलं होतं, अर्धा तास मोटार नको. तो स्वतः वर येऊन दारात उभा राहिला, मोटार दुसरं कुणी सुरू करू नये म्हणून. तसं खाली दुसरं कुणी नव्हतं.

विहिरीवरची नवसी प्रत्येक प्रश्नाला ओठ हलवत होती. वायूच्या प्रश्नाशी थांबली, चिंचेखालचीकडे बघितलं.

"माझ्याकडं बघू नको," ती म्हणाली. "माझापन तोच चुकतो."

चिंचेखालची नऊ. विहिरीवरची आठ. कोणता चुकला ते मी विचारलं नाही.

दोन कागद छापले. एका कागदावर नवसी बुधा वरठा, एक जून. दुसऱ्यावर नवसी बुधा वरठा, एक जून. नंबर वेगळे, खाली कोपऱ्यात, बारीक. हितेश म्हणाला, "नंबर मोठा करायला पायजे होता." मी म्हटलं, राहू दे, उद्या बघू. कागद कुणाला नीट वाचायचे असतात?

१४ ऑक्टोबर

सकाळी गेटवर मीही गेले. सदतीस जणी आत गेल्या. मग चंद्रभानने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि फाटक लावलं. "फिर वही? जुलाई में सब जितेश, अब सब नवसी?"

मी हितेशला फोन लावून चंद्रभानच्या कानाला दिला. हितेश म्हणाला, सगळं हिरवं आहे. चंद्रभान म्हणाला, "यहाँ हरा-लाल नहीं, यहाँ फाटक है." फोन परत दिला. कोपऱ्यातले नंबर त्याला दाखवले, ते त्याने चष्मा नाही म्हणून वाचले नाहीत.

मग त्याने दोघींना जन्मतारीख विचारली. दोघी एकदम म्हणाल्या, एक जून.

चंद्रभानने कागद खाली घेतले. "स्कूल वाली?"

"हां."

"हमारे गाँव में एक जुलाई लिखते हैं," तो म्हणाला, आणि फाटक उघडलं. आधी चिंचेखालची गेली, मग विहिरीवरची.